पाच पट्ट्यांचं नरसाळं

मालकांना पाचाच्या वर काही चालत नसे. मीटिंगमध्ये मुद्दे पाच, कपाटांचे रंग पाच, दुकानाच्या पाटीवर ओळीही पाचच. हाताला बोटं पाच दिली आहेत ती काही उगाच नाहीत, असं ते पंजा वर करून सांगत. तयार स्वयंपाकघरं बसवून देणाऱ्या एवढ्या मोठ्या दुकानाचा कारभार बोटांवर कसा चालतो, असं त्यांना कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांचे पगार त्याच पंजातून निघत.

तर हे मालक एकदा कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना डोक्यात नरसाळं घेऊन आले. तेल ओतायचं नरसाळं नव्हे, चित्रातलं. वरती एक रुंद पट्टी, तिच्याखाली जरा अरुंद, तिच्याखाली आणखी अरुंद. सगळ्यात वरच्या पट्टीत दुकानात चौकशी केलेली सगळी गिऱ्हाईकं, सगळ्यात खालच्या पट्टीत ज्यांनी खरोखर ऑर्डर दिली ती. मधल्या पट्ट्या म्हणजे मधले टप्पे, आणि प्रत्येक पट्टीत तो टप्पा पार करून पुढे सरकलेली माणसं. कुठे पट्टी एकदम बारीक झाली की समजायचं, गळती तिथे आहे.

"गळती सापडली की बुजवायची," मालक म्हणाले. "इतकं सोपं होतं, आणि आपण इतकी वर्षं अंधारात चाचपडत बसलो."

चित्र काढायचं काम धाकटीकडे आलं. दुकानातले सगळे आकडे तीच सांभाळायची. घरात ती धाकटी सून, आणि दुकानातही तिला तेच नाव चिकटलं होतं, कारण तिला तिथे आणून बसवणारी तिची थोरली जाऊ. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा नोकरीसाठी दारोदार हिंडत होती. थोरली या दुकानात चांगली मुरलेली. तिने मालकांच्या कानाशी भुणभुण लावली. "पोरगी आकड्यांची आहे. तुमचे कागद सुतासारखे सरळ करील. नाही केले तर मला बोला." मालकांनी कंटाळून हो म्हटलं, आणि पोरीने कागद खरोखरच सुतासारखे सरळ केले.

थोरलीचं स्वतःचं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मापं घ्यायची. ओटा किती लांब, खिडकी कुठे, नळ कुठे, भिंत सरळ आहे की पोट पुढे काढून उभी आहे. काम तासाभराचं, पण थोरलीला ते तासात कधी जमलं नाही. तिचं तोंड एकदा सुरू झालं की बंद व्हायचं नाव घेत नसे. स्वयंपाक कोण करतं, डावखुरं आहे का, वरच्या कपाटाला हात पोचतो का, सासू कुठे बसते, नवरा मध्येमध्ये येऊन काय चाखतो, सगळं ती विचारी आणि त्यात स्वतःच्या घरच्या दोन गोष्टी मिसळून परत देई. एकदा गप्पांच्या नादात तिने चुकीच्याच भिंतीचं माप आणलं होतं आणि कपाट दारात आडवं आलं होतं. ती गोष्ट दुकानात अजून चवीने सांगितली जायची, आणि सगळ्यात जास्त रंगवून थोरलीच सांगायची.

पूर्वी मापं आली की दुकानातले म्हातारे हिशेबनीस हाताने दर काढत आणि तो गिऱ्हाइकाला कळवत. ते निवृत्त झाल्यावर धाकटीने कॉम्प्युटरवर दराचा तक्ता बांधला. थोरलीने गिऱ्हाइकाच्या ओट्यापाशी उभं राहून टॅबमध्ये मापं घातली की तिथल्या तिथे दर पडद्यावर. मालकांनी सगळ्यांदेखत धाकटीची पाठ थोपटली होती. ती थाप तिला अजून पाठीवर जाणवायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला हुशार म्हटलं होतं, आणि ते नवऱ्यासमोर, सासूसमोर सांगण्यासारखं होतं.

तिने नरसाळं काढायला घेतलं. टप्पे सरळ होते: चौकशी, फोनवर बोलणं, मापं, दर, नकाशा, ऑर्डर. तिने आकडे घातले आणि चित्र उमटलं. चौकशीची पट्टी चांगली ऐसपैस. फोनची जरा कमी. मापांची पट्टी जवळजवळ फोनइतकीच रुंद. थोरलीच्या हातून जवळपास कुणी सुटलं नव्हतं. आणि तिच्याखाली दराची पट्टी एकदम बारीक, कुणी कमरेला करकचून दोरी बांधावी तशी.

धाकटी त्या पट्टीकडे बघतच राहिली. दर म्हणजे तिचा तक्ता.

तिने जुनी कागदपत्रं काढून हिशेबनिसांचे दर आणि तक्त्याचे दर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा लक्षात आलं. ओटा सरळ असला तर दोन्ही सारखे. ओटा काटकोनात वळलेला असला की तक्त्याचा दर चढा. अशा ओट्याच्या दोन्ही भिंती कोपऱ्यापर्यंत मोजतात, त्यामुळे कोपऱ्यातलं कपाट दोन्ही मापांत येतं. म्हातारे ते एकदा वजा करत. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं आणि जाताना त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. धाकटीच्या तक्त्याने ते दोनदा धरलं होतं. पुढे नकाशा काढताना कपाटं एकेक करून मोजली जात, म्हणून शेवटचा आकडा बरोबर निघे. नकाशावाल्याला वाटे मालकांनी सूट दिली, मालकांना वाटे नकाशावाल्याने एक कपाट वाचवलं. पण नकाशापर्यंत टिकतो कोण? दर ऐकूनच माणसं "कळवतो" म्हणत आणि कधीच कळवत नसत.

आता खरं म्हणजे तिने उठून मालकांच्या केबिनमध्ये जायला हवं होतं. चूक तशी भाबडी होती. मालक दोन शब्द बोलले असते, पंजा हवेत हलवला असता, आणि विषय संपला असता. पण पाठीवरची ती थाप आड आली. धाकटी खुर्चीतून उठली, पाणी पिऊन आली, आणि पुन्हा बसली. मग तिला आठवलं की मालकांना पट्ट्या पाचच हव्यात आणि तिच्याकडे सहा झाल्या आहेत. कुठल्यातरी दोन एक कराव्याच लागणार. मापं आणि दर एकाच दिवशी, एकाच घरात, एकाच बाईच्या तोंडून होतात. त्या दोन मिळून एक पट्टी केली तर त्यात खोटं काय? तिने तसं केलं आणि त्या पट्टीला नाव दिलं, 'घरभेट'.

चित्र छान दिसू लागलं. चौकशी, फोन, घरभेट, नकाशा, ऑर्डर. गळती होती तेवढीच होती, फक्त ती आता थोरलीच्या दारात आली होती.

तिच्या मनाला हे कळलं नाही असं नाही. लगेच कळलं. पण मनाची समजूत काढण्यात माणूस पटाईत असतो. वहिनी जुन्या आहेत, मालकांच्या लाडक्या आहेत, त्यांना कोण काय म्हणणार, फार तर थट्टा होईल आणि थट्टा तर त्यांना आवडतेच. कोपऱ्याचं काय ते नंतर गुपचूप सुधारू. आत्ताच हात लावला तर दर एकदम उतरतील आणि कुणीतरी का म्हणून विचारेल.

मीटिंगमध्ये मालकांनी भिंतीवरच्या चित्रातल्या घरभेटीवर बोट ठेवलं.

"इथे. माणसं फोनवर हो म्हणतात, आपली बाई घरी जाऊन येते, आणि माणसं पळून जातात." ते थोरलीकडे वळले. "तुम्ही तिथे मापं घेता की कीर्तन करता?"

सगळे हसले. थोरली सगळ्यांत आधी हसली. ती नुकतीच एका घरून आली होती आणि दाराशीच उभी होती. मग ती पुढे आली, चष्मा वर करून चित्राजवळ गेली, आणि हसू तिच्या तोंडावर तसंच राहून गेलं, आवरायचं विसरल्यासारखं.

"अगंबाई," ती म्हणाली. "खरंच की."

मग तिने धाकटीकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत नापास झालेलं मूल मास्तरांकडे बघतं तसं, की यात काही तपासायचं राहिलं नाही ना. धाकटीने समोरच्या कागदांच्या कडा जुळवल्या. आधीच जुळलेल्या होत्या, तरी पुन्हा जुळवल्या.

मालकांचं सगळं ठरून गेलं होतं. घरभेटी बंद. गिऱ्हाइकाने स्वतःच मोबाईलवर भिंतींचं चित्रण करून पाठवायचं, मापं सांगायची, दुकानातला मुलगा फोनवर दर सांगेल. थोरलीला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, आणि चांगल्या शब्दांत घरी बसवलं. ती बाहेर आली तेव्हा टॅब तिने जपून पुसून टेबलावर ठेवला आणि धाकटीला म्हणाली, "तू कशाला तोंड पाडतेस? तू फक्त दाखवलंस. उगाच मनाला लावून घेऊ नको."

धाकटीला वाटलं, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण जमिनी अशा वेळी दुभंगत नाहीत, आणि दोघी एकाच रिक्षाने एकाच घरी गेल्या. खालच्या मजल्यावर थोरली आणि सासूबाई, वर धाकटी. संध्याकाळचं जेवण खालीच, सगळ्यांचं एकत्र.

दुसऱ्याच दिवशी धाकटीने कोपरा सुधारला. दोन आकड्यांचं काम, चहा निवायच्या आत झालं. तिला वाटलं, आता निदान दर तरी खरे जातील, कुणाचं तरी भलं होईल. आणि झालं भलतंच. दर उतरल्याबरोबर ऑर्डरी वाढल्या. फोनवर दर ऐकून माणसं हो म्हणू लागली. दर का उतरले हे कुणी विचारलं नाही, कारण दर सांगणाऱ्या मुलाला जुने दर ठाऊकच नव्हते. पुढच्या नरसाळ्याची मधली पट्टी चांगली गुटगुटीत निघाली. मालक हरखून गेले. त्यांनी जुनं आणि नवं अशी दोन्ही चित्रं मोठी करून आणली आणि दुकानाच्या भिंतीवर शेजारी शेजारी डकवली. एकाखाली लिहिलं 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. आधी आणि नंतर यांच्यामध्ये दुकानात दिसण्यासारखं एकच घडलं होतं, थोरली गेली होती.

कपाटं बसवणारा फिटर जुन्या ओळखीने घरी डोकावला तेव्हा त्याने थोरलीला ही बातमी दिली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दुकानाचं बरं चाललंय हे ऐकून तिला बरं वाटेल असं त्याला वाटलं. थोरली म्हणाली, "चला, बरं झालं."

त्यानंतर ती गप्प झाली.

एकदम नाही. आधी तिने लांबण लावणं सोडलं. मग मध्येच वाक्य तोडून "जाऊ दे" म्हणू लागली. कुणी आलं की ती पाणी देई, बसे, आणि विचारलं तेवढंच उत्तर देई. जिच्या बोलण्याला घर इतकी वर्षं वैतागलं होतं त्या घराला आता भांड्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. थोरल्या भाऊजींनी सहलीला जाऊ या म्हटलं. थोरली म्हणाली, "मला काही झालेलं नाही. इतकी वर्षं मी लोकांचं डोकं खात होते आणि मला कुणी सांगितलं नाही, एवढंच."

 समोर बसलेल्या धाकटीने पाण्याचा घोट घेतला, आणि त्याबरोबर जे सांगायचं होतं तेही गिळलं. असं रोज होई. ती सकाळी ठरवी, आज सांगायचं. संध्याकाळी खाली उतरताना पायऱ्यांवरच धीर सुटे. मग ती थोरलीसाठी काहीबाही घेऊन येई, चपला, चष्म्याची चांगली काडी, खांद्याला लावायचं तेल. थोरली प्रत्येक वेळी म्हणे, "कशाला गं एवढं?" आणि धाकटीला वाटे, ही मला शिव्या देईल तर मी हिचे पाय धरीन.

एके दिवशी दुपारी, सुट्टी होती म्हणून धाकटी घरी होती, थोरली वर आली. दारातच उभी राहिली. हल्ली ती आत यायला परवानगी मागितल्यासारखी उभी राही.

"वेळ आहे का तुला? थोडाच लागेल."

"या ना वहिनी. विचारता काय असं?"

थोरली आत आली, पण बसली नाही. तिने सांगितलं ते असं: पडद्यांच्या एका दुकानाला घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेणारी बाई हवी होती. कुणीतरी तिचं नाव सुचवलं. उद्या बोलावलंय.

"अरे वा," धाकटी म्हणाली. तिला खरोखरच हायसं वाटलं. जाईल, मिळेल, सगळं मागे पडेल, असं तिच्या मनात आलंच.

"मी नाही म्हणणार होते," थोरली म्हणाली. "म्हणजे, त्यांच्याकडे आतल्या खोलीत कापड मोजायचं पण काम आहे, तेच द्या म्हणणार होते. तिथे कुणाशी बोलायला लागत नाही. पण हे म्हणाले, एकदा प्रयत्न कर. तर मी विचार केला, तुझ्यापुढे एकदा करून बघावं. तू ते सगळं आकड्यांत बघितलंयस. माणसं नेमकी कुठे कंटाळतात ते तुला कळत असेल."

तिने पर्समधून टेप काढला.

"हे तुझं घर नाही, गिऱ्हाइकाचं आहे असं समज. मी मापं घेते. मी जास्त बोलायला लागले की हात वर कर. मी थांबीन."

 धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. थोरली बाहेर गेली, दार लोटून घेतलं, बेल वाजवली, आणि आत आली.

"नमस्कार. मापं घ्यायला आलेय," ती म्हणाली. मग खिडकीकडे बघून म्हणाली, "छान उजेड येतो हो तुमच्याकडे," आणि लगेच धाकटीच्या हाताकडे पाहिलं. हात वर गेला नव्हता, तरी तिचं तिलाच ते जास्त वाटलं असावं. ती पुढे काही बोलली नाही. टेप खिडकीच्या चौकटीला लावला, आकडा वाचला, लिहिला. उंची घेताना तिला स्टूल लागत होतं. एरवी तिने उंचीवरून स्वतःची चार वेळा टर उडवली असती. आता ती टाचा उंचावून धडपडत राहिली, पण स्टूल मागितलं नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि मानेवर घाम आला होता. खोलीत टेप मागे सरकल्याचा आवाज तेवढा होत होता.

"बरं चाललंय का?" तिने हळूच विचारलं.

"वहिनी, तो टेप ठेवा खाली," धाकटी म्हणाली.

"अजून दुसरी खिडकी राहिलीय."

"ठेवा. माणसं तुमच्यामुळे जात नव्हती."

थोरलीने टेप ठेवला नाही. तो तसाच धरून ती उभी राहिली, आणि धाकटीने सांगितलं. सहा पट्ट्या होत्या ते सांगितलं. मापांच्या पट्टीत जवळजवळ कुणी गळत नव्हतं ते सांगितलं. कोपऱ्यातलं कपाट दोनदा धरलं जात होतं ते सांगितलं. तिने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिला वाटलं होतं की पाचच पट्ट्या चालतात हे मालकांचं खूळ आधी सांगावं, म्हणजे आपलं पाप जरा हलकं दिसेल. पण समोर थोरलीचा घामेजलेला चेहरा होता, आणि तो आडोसा घ्यायची तिला लाज वाटली.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. "आधी सहा पट्ट्यांचं बघितलं, मग पाचांचं केलं. माझी चूक दिसू नये म्हणून."

थोरलीने टेप मिटून घेतला. नंतर तिने विचारलं, "तो कोपरा दुरुस्त केलास कधी?"

"तुम्हाला घरी बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"किती वेळ लागला?"

"वेळ असा नाही लागला."

"म्हणजे आदल्या दिवशी पण झाला असता."

"हो."

थोरली खाली बसली. तिने टेपचं टोक बाहेर ओढलं आणि सोडलं, पुन्हा ओढलं आणि सोडलं. धाकटी रडायला लागली होती. एरवी घरात कुणी नुसतं शिंकलं तरी धावणारी थोरली जागची हलली नाही.

"मला काय वाटत होतं माहितीये?" ती म्हणाली. "मला वाटायचं तू मला टाळतेस. जेवताना माझ्याकडे बघत नाहीस. मी म्हटलं, हिला पण माझ्या बडबडीचा कंटाळा येत असणार, बिचारी घरची म्हणून सहन करतेय. म्हणून मी तुझ्याशी बोलणं सगळ्यात आधी कमी केलं."



"भाऊजींना माहितीये?" थोरलीने विचारलं. धाकटीच्या नवऱ्याबद्दल ती विचारत होती.

"नाही."

"घरात कुणाला सांगू नको. भावाभावांत उगाच वितुष्ट येईल, आणि सासूबाईंना झेपणार नाही." ती उठली. "पण मालकांना सांग. मला परत घ्या म्हणून नाही, मी परत जाणार नाही तिथे. भिंतीवर ते चित्र लावलंय ना, ते उतरवायला सांग. येणारी जाणारी माणसं बघतात ते."

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगणं धाकटीला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, आणि तेच जिव्हारी लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा त्यांना ते कळलंच नाही, मग कळलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीतून उठून बाहेर गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही चित्रं भिंतीवरून ओढून काढली. परत आल्यावर म्हणाले, "मी त्या बाईला सगळ्यांसमोर कीर्तनकार म्हटलं. मला काय माहीत?" थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुला काढत नाही मी. काढलं असतं, पण तक्ता चालवणारं दुसरं कोणी नाही माझ्याकडे." धाकटीला वाटलं होतं की काहीतरी शिक्षा होईल आणि त्या शिक्षेत आपण जरा धुऊन निघू. पण तिला शिक्षासुद्धा मिळाली नाही. ती जागेवर जाऊन बसली आणि दिवसभर आकडे घालत राहिली.

संध्याकाळी ती घराच्या पायऱ्या चढत होती तेव्हाच तिला आवाज ऐकू आला. ती पायरीवरच थांबली. खालच्या मजल्याच्या उघड्या दारातून थोरलीचा आवाज येत होता, पूर्वीसारखा, भरधाव.

पडद्यांच्या दुकानात काम मिळालं होतं. नुसतं मिळालं नव्हतं, तिथल्या मालकिणीने मुलाखत म्हणून स्वतःच्याच घरी नेऊन खिडक्या मोजायला लावल्या होत्या, आणि त्या घरात काय काय घडलं ते थोरली सगळ्यांना सांगत होती. कुत्रा टेपच्या मागे लागला. मालकिणीच्या नवऱ्याला जाडे पडदे हवे होते आणि मालकिणीला पातळ, आणि दोघांनी थोरलीलाच पंच केलं. सासूबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. थोरले भाऊजी जेवायचं थांबून बायकोकडे बघत होते. धाकटीचा नवरा म्हणाला, "वहिनी, तुम्ही त्यांना पडदे विकले की त्यांचा संसार सावरून आलात?" आणि पुन्हा सगळे हसले.

धाकटी आत आली आणि आपल्या जागेवर बसली. थोरलीने तिचं ताट वाढलं, तिला आवडतं ते जरा जास्तच वाढलं, आणि पाण्याचा पेला भरून जवळ सरकवला. मग ती सासूबाईंकडे वळली आणि कुत्र्याची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सांगू लागली.

गोष्ट लांबली. ती तिने सासूबाईंना सांगितली, नवऱ्याला सांगितली, दिराला सांगितली. गमतीची जागा आली की ती एकेकाच्या तोंडाकडे बघे, हसला का म्हणून, आणि तिची नजर धाकटीपाशी आली की अलगद पुढच्या माणसावर जाई. मध्ये एकदा तिने विचारलं, "भात हवा का तुला?" धाकटी म्हणाली, "नको वहिनी." थोरलीने मान हलवली आणि भाताचं पातेलं दुसरीकडे ठेवलं.

धाकटी बाकीच्यांबरोबर हसत होती. तिने खरोखर मन लावून ऐकलं, एकही शब्द सुटू दिला नाही, कारण आता या घरात तिला थोरलीचं बोलणं असंच, दुसऱ्यांना सांगताना ऐकायला मिळणार होतं.